बाई कुठे बसते?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला ‘छायाचित्रण आणि स्त्री-चळवळ’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. एवढा मोठा विषय मला पेलणारा नाही. मी फोटोग्राफर नाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि गेली दहा-अकरा वर्षं बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये, बचतगटांमध्ये काम करते आहे. त्यामुळे मी फक्त एका अनुभवाबद्दल बोलेन. आमच्या गटातल्या बारा जणींनी एका आषाढापासून दुसऱ्या आषाढापर्यंत, वर्षभर, एकच विषय धरून फोटो काढले. विषय होता ‘बसलेली बाई’. त्यातले काही फोटो या मागच्या भिंतीवर लावले आहेत.

तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पहिल्या बैठकीत विषय सुचवा म्हटलं तर पाणी, दारू, हुंडा अशी नेहमीची नावं आली. त्यावर आमच्यातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “पाण्याचे फोटू दर उन्हाळ्यात पेपरवालेच काढत्यात. हंडा डोक्यावर, लेकरू काखंत. बसलेली बाई कुणी काढीत न्हाई. आन् काढावी कुठून? बसतीच कुठं ती?” यावर सगळ्या हसल्या, आणि मग विषय तोच ठरला.

आपल्या संस्थांच्या कपाटांत फोटोंच्या फायली असतात. त्यात दोन तऱ्हेचे फोटो सापडतात. एक, राबणारी बाई: वाकलेली, डोक्यावर ओझं असलेली. दुसरी, आपल्या बैठकीतली बाई: सतरंजीवर गोलात बसलेली, मागे कापडी फलक. म्हणजे बाई बसलेली दिसते ती आपण बोलावली तेव्हा! अहवालापुरती. पहिल्या तऱ्हेच्या फोटोंना मी कमी लेखत नाही. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून कष्टकरी बायकांचे जे फोटो काढले, त्यांचं ‘दिसणारं काम, न दिसणाऱ्या बायका’ अशा अर्थाच्या नावाचं प्रदर्शन तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. त्यात आयुष्यभर वाकण्यावर एक अख्खा फलक आहे. तो पाहिल्यावर शेतातल्या बाईची पाठ आपण पुन्हा पूर्वीसारखी पाहू शकत नाही. पण आमच्या मावशींनी दाखवून दिलं ते असं, की कामाचा फोटो बाईचं काम दाखवतो. तिला थांबायची मुभा किती आहे, हे दाखवायला दुसराच फोटो लागतो.

विषय बायकांनीच निवडायचा, हे आम्ही नवीन काढलेलं नाही. १९९२ मध्ये चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या दोघींनी ६२ खेडूत बायकांच्या हातात कॅमेरे दिले, आणि आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो त्यांनी स्वतः काढले. त्या पद्धतीला पुढे ‘फोटोव्हॉइस’ असं नाव पडलं. आम्ही ती अभ्यासक्रमात शिकलो होतो. फोटो काढणं हा तिचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे फोटो मध्ये ठेवून बोलणं: यात काय दिसतं, खरोखर काय चाललंय, याचा आपल्या जगण्याशी संबंध काय, हे असं का आहे, आणि आपण काय करू शकतो. आमचं वर्षभराचं बोलणं याच प्रश्नांभोवती फिरत राहिलं.

विषय ठरल्यावर पहिल्याच महिन्यात आमच्या लक्षात आलं, की ‘बसणं’ हा शब्द बाईच्या बाबतीत किती ठिकाणी वापरतात. मुलगी शाळेतून काढली की ‘घरी बसवली’. नवऱ्यानं टाकली की ‘माहेरी येऊन बसली’. पाळी आली की ‘बाजूला बसली’. पगार मिळत नसेल तर ‘घरी बसून असते’, आणि वर ‘बसून खाते’. एका मैत्रिणीनं ही यादी वहीत लिहून आणली आणि विचारलं, “ताई, ह्यात एकबी बसणं आपल्या मर्जीचं न्हाई की!” खरंच नाही. दुसरीकडे सरकारी आकडे काय म्हणतात बघा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं, आणि हे काम करणाऱ्या पुरुषांची ८८. हे बाहेरच्या मजुरीव्यतिरिक्त. तरी ती ‘बसून खाते’.

आता फोन. कॅमेरे विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती, गरजही नव्हती. पण घरात फोन असणं आणि बाईच्या हातात फोन असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशात सुमारे ५४ टक्के निघाल्या. आमच्या बारा जणींत पाच जणींकडे स्वतःचा फोन होता. बाकीच्यांचा नवऱ्याच्या खिशात किंवा मुलाच्या हातात. शेवटी संस्थेतले चार जुने फोन पाळीपाळीनं फिरवले. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे काही फोटो नवऱ्याच्या नावावर छापले जात. हे मी गटात सांगितलं तेव्हा एकजण पटकन म्हणाली, “मग आमच्या फोटूखाली आमचंच नाव लिवा बरं का.” तिथे नावं लिहिलेली आहेत. ज्यांनी नको म्हटलं त्यांची नाहीत.

सुरुवातीला फोटो मिळेचनात. कारण मजेशीर होतं. बाई बसलेली दिसली, फोन पुढे केला, की ती उठून उभी राहायची! “थांब, पदर नीट करते,” म्हणून नव्हे. “मला बसलेली कशाला दावायलीस? लोक म्हणतील हिला काय कामधंदा न्हाई.” नाहीतर मग हातात काहीतरी घ्यायच्या. सूप, शेंगा, वाकळ, वातींचा कापूस. भिंतीवरचे फोटो नीट पाहा. बसलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या हातात काहीतरी आहे. रिकाम्या हातांनी बसलेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्याही बहुतेक आजारी, बाळंत किंवा खूप म्हाताऱ्या. मी कितीतरी अहवालांत ‘स्त्रियांना विश्रांती मिळत नाही’ असं वाक्य लिहिलं आहे. पण बसलेलं दिसण्याचीच लाज वाटते, ही गोष्ट त्या वाक्यात कुठेच नव्हती.

मग वर्ष सरकत गेलं. आषाढ-श्रावणात खुरपणी. खुरपणीत बाई दिवसभर उकिडवी बसून पुढे सरकत असते. हे बसणं म्हणायचं का, यावर दोन बैठका वाद झाला. निम्म्या म्हणाल्या, टेकलं नाही तर बसणं नाही. ती व्याख्या आम्ही मान्य केली. सरकारी व्याख्यांपेक्षा ती मला जास्त शास्त्रीय वाटते. भाद्रपदात मुगाच्या शेंगा तोडताना, आश्विनात सोयाबीन काढताना, नंतर कापूस वेचताना, टेकलेली बाई सापडते ती फक्त भाकरी खाताना. बांधावर, बाभळीच्या विरळ सावलीत. गड्यांची भाकरी खाऊन झाली की ते तिथेच आडवे होतात. बायका भांडी आवरतात, बारक्याला पाजतात. पाजणं हीच त्यांची टेकायची वेळ. एका मैत्रिणीनं त्याच बाभळीखाली पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तीन फोटो काढलेत. ते शेजारी शेजारी लावलेत. झाडाची सावली बदलते, पिकं बदलतात, गडी झोपलेला बदलत नाही. (मुद्दाम योजून काढलेले नाहीत हो!)

दिवाळीच्या आसपास टोळ्या निघाल्या. बारापैकी सात जणी ऊसतोडीला गेल्या आणि त्यांच्याबरोबर दोन फोन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती कामातून फिटायची. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे दंड. थोडक्यात, तिथे बाई बसली की पैसे कापले जातात. पाळी असो, ताप असो, दिवस गेलेले असोत. हे समजून घेतलं की ‘पिशवी काढण्या’चा प्रश्न वेगळा दिसतो. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली होती. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. डॉक्टरांच्या लोभाबद्दल, अज्ञानाबद्दल. पण ज्या कामात चार दिवस टेकता येत नाही, ते काम त्या लेखांतून पुरेसं पुढे आलं नाही असं माझं मत आहे.

तिकडून फोटो यायचे ते रात्री, जिथे रेंज मिळेल तिथून. एक फोटो आहे, मध्यरात्रीचा, अंधारात काढलेला, म्हणून जरा धूसर आहे. ट्रॅक्टर भरायला यायचा आहे, कधी येईल ते ठाऊक नाही, आणि चार बायका उसाच्या मोळ्यांना पाठ टेकून बसल्या जागी झोपल्यात. हातातले कोयते तसेच. तो काढणारी बाई म्हणाली, “ह्यो आमचा इसावा. ट्रॅक्टर आला की मोळ्या डोक्यावर.” मुकादमानं फोटो कशाला काढता म्हणून हटकलं, तेव्हा त्यांनी एकमेकींच्या गळ्यात हात घालून दात काढले आणि लेकीला पाठवायचाय म्हणून सांगितलं. तोही फोटो आहे. हसरा आहे, आणि मला तो सर्वांत जास्त आवडतो.

गावात राहिलेल्यांनी संक्रांतीला हळदी-कुंकवाचे फोटो काढले. त्यावरून मात्र आमच्यात वाजलं. फोटोत मध्यभागी सवाष्णी, पैठण्या-बिठण्या. मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, अर्धी आत अर्धी बाहेर, एक बाई बसलेली. घरातलीच, विधवा सून. चहाची कपबशी धुऊन देणारी. आणि आणखी एका फोटोत ओट्यावर दोघी आणि खाली अंगणात मातीवर एक बसलेली. ती का खाली, हे गावात कुणाला विचारावं लागत नाही. आमच्या गटात सगळ्या जातींच्या बायका आहेत. फोटो मध्ये ठेवल्यावर वरच्या ओट्यावरची म्हणाली, “तिला कुणी खाली बस म्हणलं नव्हतं, तीच बसली.” खाली बसलेलीही गटातच होती. ती म्हणाली, “वर बस असंबी कुणी म्हणलं न्हाई.” पुढची दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मीही मध्ये पडले नाही. विधवाप्रथेबद्दल २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला आणि राज्य शासनानं बाकी गावांनी तोच कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं, हे आपल्याला माहीत आहे. जातीच्या ओट्यासाठी तर आख्खी राज्यघटना आहे. पण ओटा आणि अंगण एका चौकटीत दिसल्याशिवाय आमच्या गटात हे बोलणं निघालं नव्हतं, सहा वर्षांत.

प्रवासातले फोटो पुष्कळ आले. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या बायका जास्त फिरायला लागल्या आहेत. दवाखान्याला, लेकीकडे, देवाला. पण स्टँडवरचे फोटो पाहा. बाकावर पुरुष झोपलेत, आणि बाया खाली गठुड्यांवर. अर्ध्या तिकिटात गाडीतली जागा मिळते. बाकावरच्या माणसाला ‘सरका’ म्हणायला अजून शिकायचं आहे.

एकीची लेक बीडला कापडदुकानात कामाला आहे. तिनं काढलेल्या फोटोत गिऱ्हाईक गादीवर, मालक गल्ल्यावर, आणि साड्या उलगडणाऱ्या मुली उभ्या. दिवसभर उभ्या. या फोटोमुळे मी त्यांना केरळची गोष्ट सांगितली. कोळीकोडमध्ये पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी ‘पेनकूट्टू’ ही बायकांची संघटना उभी केली. कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांना बसू देत नसत, लघवीला जाऊ देत नसत. त्याविरुद्ध त्यांनी जो लढा दिला त्याचं नावच ‘बसण्याचा लढा’ असं पडलं. २०१८ मध्ये केरळनं दुकानांसंबंधीचा कायदा दुरुस्त करून बसायची सोय देणं बंधनकारक केलं, २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तशी दुरुस्ती केली. हे ऐकून ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे स्टूल मागता येतं?” बसण्याचं हत्यारही होतं, हे तर आपण जाणतोच. दिल्लीच्या शाहीनबागेत डिसेंबर २०१९ ते २४ मार्च २०२० बायका रस्त्यावर बसून होत्या, कडाक्याच्या थंडीत, लेकरांना घेऊन. आपणही तहसील कचेरीसमोर बसलो आहोत. आमच्या मावशी म्हणतात तसं, “धरण्याला बसलं की मातुर आपल्याला सगळे उठ उठ करत्यात!”

आता एका न लावलेल्या फोटोबद्दल. भिंतीवर एकोणिसाव्या क्रमांकाच्या जागी नुसता कागद आहे. माघात आमच्यातली एकजण जावेबरोबर कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला एका सरकारी दवाखान्यात गेली होती. ऑपरेशन झालेल्या बायका व्हरांड्यात, फरशीवर, भिंतीला टेकून बसवलेल्या. कुणी आडवी, अंगावर घरून आणलेली वाकळ. २०१४ मध्ये बिलासपूरच्या शिबिरांत बायका दगावल्या, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं, आणि तरी हे. तिनं फोटो काढला. फोटो बोलका होता. तो वर्तमानपत्राला द्यावा असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं. दिला असता तर मोठा गाजावाजा झाला असता. पण त्यात सात बायका होत्या आणि त्यातल्या तिघींनी नको सांगितलं. एकीनं ऑपरेशन सासूला न सांगता केलं होतं. शिवाय गटात एक आशाताई आहे, तिच्या कामावर गदा आली असती. तीन बैठका आम्ही भांडलो. “सात जणींसाठी पुढच्या सत्तरजणींना फरशीवर बसवायचं का?” असं एकीनं विचारलं, आणि त्या प्रश्नाला मला आजही सोपं उत्तर सापडत नाही. शेवटी फोटो पुसून टाकला. तारीख, वेळ, बायकांची संख्या, अंथरूण-पांघरूण काय होतं, किती तास बसवलं, हे सगळं लिहून गटाच्या सह्यांचं निवेदन दिलं. तिथल्या अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, “आत जाऊन बघितलं कुणी?” फरशीबद्दल नंतर विचारलं. पुढच्या वेळी मंडपवाल्याकडून गाद्या आणल्या होत्या. खाटा अजून नाहीत. आमचं निवेदन आता जिल्ह्याला गेलंय, आणि दर महिन्याला दोघी जाऊन विचारून येतात.

ज्या गटांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. विषय लहान घ्या, आणि जमलं तर क्रियापद घ्या. ‘स्त्री आणि पर्यावरण’ असा विषय घेतला की झाडाला मिठी मारलेले फोटो येतात. ‘टेकणं’, ‘वाट बघणं’, ‘सही करणं’ असे विषय घेतले तर डोळे शोधायला लागतात. आठवड्याला एकच फोटो. पन्नास काढले की एकही बघितला जात नाही. प्रत्येकाखाली तारीख, वेळ, जागा आणि काढणारीच्या शब्दांत एक ओळ. वर्ष पुरं होऊ द्या, कारण आपल्याकडे बाईची जागा ऋतूप्रमाणे हलते, आणि एका महिन्यात काढलेले फोटो अर्धंच सांगतात. आणि परवानगी दोनदा घ्या: एकदा काढताना, एकदा लावताना. मधल्या काळात बाईच्या आयुष्यात काय काय झालेलं असतं. नवऱ्याशी कोर्टात केस चालू असेल तर मुलाबरोबरचा साधा फोटोही तिला महागात पडू शकतो.

यंदाचा विषय अजून ठरलेला नाही. ‘सही’ आणि ‘रात्र’ असे दोन पुढे आहेत. रात्रीचे फोटो काढायला बायकांना बाहेर पडू देतील का, हा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो घ्यावा असं निम्म्या जणी म्हणताहेत. तुमच्याही सूचना चालतील, चिठ्ठीवर लिहून द्या.

आता चहाची सुट्टी आहे. भिंतीजवळ जाऊन निवांत बघा. दोघी मैत्रिणी मुद्दाम आल्या आहेत, त्यांना विचारा, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. फक्त फोटोंचे फोटो काढू नका. बायकांनी परवानगी दिली आहे ती या खोलीपुरती.